क्वचित वापरलेले

१

सासूबाईंच्या कानाच्या मशीनला जागा नव्हती. कानात होती, कॉम्प्युटरमध्ये नव्हती.

कान तपासणं हा माझा धंदा. लोक मला डॉक्टर म्हणतात. मी डॉक्टर नाही, पण सुरुवातीची काही वर्षं दुरुस्त करून थकलो आणि आता सरळ ओ देतो. दोन खोल्यांचा दवाखाना आहे. बाहेर काउंटर, चार खुर्च्या आणि काउंटरवरच्या मावशी. आत माझं टेबल, आणि टेबलासमोर भिंतीत जाड दुहेरी काच बसवलेली एक छोटी बंद खोली. तिला आम्ही खोका म्हणतो. आतून सगळीकडे करडा स्पंज लावलेला आहे. दार लावलं की बाहेरचं जग कापूस घातल्यासारखं बंद होतं.

पेशंटला खोक्यात बसवायचं, हेडफोन लावायचे, हातात बटण द्यायचं. मी बाहेरून बारीक-मोठे आवाज सोडतो. ऐकू आलं की पेशंटने बटण दाबायचं. दाबलं की माझ्या स्क्रीनच्या कोपऱ्यात हिरवा ठिपका लागतो, सोडलं की विझतो. माझ्या बोटांकडे बघून कुणी अंदाज बांधू नये, म्हणून पेशंटला काचेकडे पाठ करून बसवतात. वीस वर्षं मी लोकांच्या माना बघतोय. चेहऱ्यापेक्षा मानेवरून माणूस मला लवकर ओळखू येतो.

सासूबाईंना ऐकू कमी येतं हे त्यांना सोडून सगळ्यांना ठाऊक होतं. 'पंखा लावू का?' विचारलं तर 'शंका कसली?' म्हणायच्या. दोन वर्षं मी मागे लागलो होतो. शेवटी एकदा घरी दूध उतू जाऊन, करपून, शेजारी दार ठोठावून थकले, आणि मग त्या म्हणाल्या, "बरं, बघू तुमचं ते मशीन."

मशीन आलं. त्याच्यासोबतचा नवीन प्रोग्राम कॉम्प्युटरवर बसेना. डिस्क भरल्याची लाल पट्टी आली. मी कॉम्प्युटरवाल्याला फोन लावला. त्याला आम्ही फॉरमॅट म्हणतो, कारण कुठल्याही दुखण्यावर त्याचा तोच उपाय असतो.

"फॉरमॅट मारू या का?"

"नको रे बाबा."

"मग जागा करा. प्रोग्रामांची यादी काढा, शेवटी कधी वापरले त्या क्रमाने लावा. जे धूळ खात पडलेत ते बाहेरच्या डिस्कवर हलवा. उडवू नका हां, हलवा. उडवलं की नेमकं दुसऱ्या दिवशी लागतं."

"हलवल्यावर चालतील?"

"न चालायला काय झालं? आपण कुठे आहोत हे त्यांना कुठे कळतंय!"

यादी निघाली. वर शीर्षक होतं, 'क्वचित वापरलेले'. खाली सात नावं. सहा नावांचं मला काही वाटलं नाही. सातवं नाव जुन्या तपासणीच्या प्रोग्रामचं होतं. शेवटचा वापर तीन वर्षं दोन महिन्यांपूर्वीचा. तारीख मी वाचली नाही. मला ती पाठ आहे.

त्या प्रोग्रामवर मी शेवटची तपासणी माझ्या बायकोची केली होती. दुसऱ्याच दिवशी नवीन यंत्र घेतलं. लोक म्हणाले, बरं केलंत, जुनं फार जुनं झालं होतं. जुन्या यंत्राच्या तारा भिंतीतून गेल्या होत्या, म्हणून ते टेबलाखालीच राहिलं.

दुपारची वेळ होती. दवाखाना एक ते चार बंद असतो. मावशी घरी गेल्या होत्या. मी सातही प्रोग्राम हलवायला लावले आणि डबा उघडला. पट्टी हळूहळू भरत गेली. चाळीस मिनिटं लागली. मग फॉरमॅटने सांगितलं होतं तसं, नवीन जागेवरून नीट उघडतात का ते एकेक करून पाहिलं.

सातवा शेवटी उघडला. तीच फिकट पिवळी चौकट, तोच रिकामा आलेख. आणि कोपऱ्यात हिरवा ठिपका लागलेला.

मी मनात म्हटलं, वायर.

ठिपका विझला.

२

पहिली गोष्ट मी केली ती म्हणजे टेबलाखाली वाकलो. जुन्या यंत्राचा दिवा चालू होता. तो मीच मघाशी, प्रोग्राम तपासायला म्हणून, चालू केला होता. तीन वर्षं पडून असलेल्या यंत्रात ओल धरते, तारा एकमेकींना चिकटतात. यात नवल काहीच नव्हतं.

मी खोक्यात गेलो. जुनं बटण भिंतीवरच्या खुंटीला टांगलेलं होतं, त्याच्यावर धूळ होती. धुळीवर बोटाचा ठसा वगैरे काही नव्हता; मी बघितलं, आणि बघितल्याची मला लाज वाटली. बाहेर येऊन मी बटणाची पिन यंत्रातून उपसून काढली आणि टेबलावर, माझ्या नजरेसमोर ठेवली.

मग एक आवाज सोडला. आम्ही आवाजांना त्यांच्या आकड्यांनी ओळखतो. जाड तो पाचशे, मधला हजार, मग दोन हजार, आणि शिट्टीसारखा बारीक तो चार हजार. मी हजारचा सोडला, चाळीस डेसिबलवर. साध्या बोलण्याहून हळू.

ठिपका लागला.

मी आवाज थांबवला. ठिपका तसाच राहिला. एक. दोन. तिसरा सेकंद संपत आला तेव्हा विझला.

वीस वर्षांत मी हजारोंनी माणसं तपासली. प्रत्येकाची बटण दाबायची तऱ्हा वेगळी. कुणी घाबरत दाबतं, कुणी राग काढल्यासारखं, कुणी उगाचच. आवाज थांबल्यावर तीन सेकंद बटण धरून ठेवणारं माणूस मी एकच पाहिलं. मी तिला एकदा ओरडलोही होतो, की संपल्यावर सोडत का नाहीस. तर म्हणाली, "अरे, संपला की माझ्या कानातच राहतो तो, कसं ओळखू? असलेला सोडण्यापेक्षा नसलेला धरलेला बरा."

खुर्चीवर बसून मी पूर्ण तपासणी केली. का केली ते विचारू नका. एखादा दुपारी दवाखाना बंद करून, रिकाम्या खोलीला आवाज ऐकवत बसला आहे असं मला कुणी सांगितलं असतं, तर मी त्या माणसाला चांगल्या मानसोपचार तज्ज्ञाचा नंबर दिला असता. काचेतून खुर्चीची पाठ दिसत होती. हेडफोन हुकाला टांगलेले होते. त्यांच्यात आवाज होत असणार, स्पंजातल्या किड्यासारखा. मी कमी करत गेलो, ठिपका विझलेला राहिला की वाढवत गेलो. उजवा कान. जेमतेम ऐकू आलं त्या आकड्यावर लाल गोल; आकडा जितका मोठा, तितका कान अधू. हजारला तीस. दोन हजारला पंचेचाळीस. चार हजारला सत्तर.

शेवटचा गोल पडला तेव्हा माझे हात टेबलावर होते आणि मला ते उचलता येईनात.

३

ती पाणीपुरवठ्याच्या कार्यालयात फोनवर तक्रारी घ्यायची. तिच्याइतकं त्या कामावर प्रेम करणारं माणूस त्या कार्यालयाने पाहिलं नसेल. संध्याकाळी घरी आली की चपला काढायच्या आधी सुरू व्हायची. आज एक बाई नळाला पाणी नाही म्हणून नवऱ्याबद्दलच तक्रार करत बसली. दुसऱ्या मजल्यावरचे एक आजोबा रोज अकराला फोन करायचे. त्यांचं पाणी व्यवस्थित यायचं, त्यांना फक्त ते सांगायचं असायचं. ती त्यांचीही तक्रार नोंदवून घ्यायची. 'पाणी येते आहे.'

फोनवर बसणाऱ्यांना दरवर्षी कानांचा दाखला द्यावा लागे. कान उतरले की तळघरात, फायलींच्या खोलीत बदली. तिथे बोलायला कुणी नव्हतं.

त्या वर्षी तिला मी खोक्यात बसवलं. मान ओळखीची, मला हसू येत होतं. मग दोन हजारला पंचेचाळीस आलं आणि हसू गेलं. मी पुन्हा तपासलं. मग चार हजार. तीस, चाळीस, पन्नास, साठ. ठिपका लागेना. सत्तरला लागला.

ती दार उघडून बाहेर आली. "काय म्हणतात? खरं सांग हं."

तिच्या आईकडून आलं असणार. आईचे कानही तेव्हाच उतरायला लागले होते. मला सांगता आलं असतं. रोज दहा माणसांना मी तेच सांगतो, खुर्ची जवळ ओढून, आवाज खाली आणून. माझी त्याबद्दल ख्यातीच आहे, वाईट बातमी गोड सांगतो म्हणून.

"झकास आहेत," मी म्हणालो. "माझ्यापेक्षा बरे."

"मग एवढा वेळ का लावलास? जीव गेला माझा तिथे!" असं म्हणून तिने माझ्या पाठीत एक धपाटा घातला आणि मावशींना सांगायला बाहेर पळाली.

तिने पाठ फिरवली तेवढ्यात मी गोल वर सरकवले. एकेक, माउसने. हजारला पंधरा, दोन हजारला वीस, चार हजारला पंचवीस. डाव्या कानाचेही. छान आडवी रेघ झाली. सही केली. मनाशी ठरवलं, पुढच्या वर्षी सांगू. तोवर तिचं मन तयार करू.

सात आठवड्यांनी तिच्या कार्यालयाच्या मागच्या आवारात पाइपांचा ट्रक मागे येत होता. तिथे दिवसभर पंपांची घरघर चालते. ट्रक मागे घेताना जी बारीक पीं-पीं वाजते, ती चांगल्या कानाला त्या घरघरीतून वेगळी काढता येते. ती डबा धुऊन परत येत होती. ड्रायव्हर रडत रडत सगळ्यांना एकच सांगत होता, हॉर्न चालू होता हो, हॉर्न चालू होता. खोटं नव्हतं ते. आवारातल्या सगळ्यांनी ऐकला होता. त्यांना कोडं पडलं होतं की हिला कसा आला नाही.

कोडं पडलेल्यांत सासूबाईही होत्या. त्यांनी मला विचारलं होतं. मी म्हणालो, "विचारात असेल."

४

दुसऱ्या दिवशी मी फॉरमॅटला सहज म्हणून विचारलं, "जुना प्रोग्राम हलवला तर तो आपोआप जुने आकडे दाखवेल का?"

"दाखवेल की. जुनी फाइल कुठेतरी पडलेली असते, नव्या जागी गेल्यावर गोंधळतो आणि तीच वाचत बसतो. का, त्रास देतोय का? फॉर—"

"नको."

स्पष्टीकरण सरळ होतं आणि मी ते आनंदाने घेतलं असतं. पण फाइलमध्ये जे होतं ते मी सरकवलेलं होतं. पंधरा, वीस, पंचवीस. तीस, पंचेचाळीस, सत्तर हे आकडे कुठल्याही फाइलमध्ये नव्हते, कागदावर नव्हते. ते फक्त माझ्या डोक्यात होते. तीन वर्षं मी ते कुणापुढे उच्चारलेही नव्हते.

मग मी म्हटलं, हेच खरं कारण. माझ्या डोक्यात आहेत म्हणून माझ्या बोटांनी तेच काढले. ठिपका वगैरे काही लागला नसेल. माणूस एकटा राहिला की काय काय बघतो.

हे मला पटलं. पटलं तरी मी डिस्क उपसून पिशवीत घातली, घरी नेली आणि तिच्या कपाटात, तिच्या स्वेटरांच्या खाली ठेवली. जुन्या यंत्राची वायरही कापून टाकली. चांगल्या वायरला कात्री लावताना फार विचित्र वाटतं.

कॉम्प्युटरवर आता भरपूर जागा होती. नवीन प्रोग्राम दहा मिनिटांत बसला. सासूबाईंना मी गुरुवारी दुपारी बोलावलं.

५

मुलगी गेल्यावर जावई जावई राहतो का, हा विषय सासूबाईंनी आणि मी कधी काढला नाही. त्या दोन गल्ल्या पलीकडे एकट्या राहत. मी रोज संध्याकाळी जाई, त्या चहा टाकत, टीव्ही मोठ्याने लावत. मला त्या अजूनही जावईबापूच म्हणत.

गुरुवारी त्या इस्त्रीची साडी नेसून आल्या, जणू कुणी मुलगी बघायलाच येणार आहे. मशीन बसवण्याआधी नव्याने तपासणी करावी लागते. मी त्यांना खोक्यात बसवलं, कानातल्या कुड्या काढून वाटीत ठेवल्या, हेडफोन चढवले.

"आवाज आला की दाबायचं," मी ओठ नीट हलवून सांगितलं. "अगदी बारीक आला तरी."

"कळलं हो. मी काय लहान आहे का?"

दार लावलं. बाहेर येऊन टेबलाशी बसलो. काचेत त्यांची पाठ होती. पांढरा छोटा अंबाडा, आणि त्याखाली मान. मुलीची मान आईसारखी होती हे मला ठाऊक होतं, पण आई पाठमोरी इतका वेळ माझ्यासमोर कधी बसली नव्हती.

हजार. चाळीसवर. हिरवा ठिपका.

तीसवर, ठिपका. वीसवर, ठिपका. खोटं कशाला बोलू, मला आधी आनंदच झाला. म्हातारीने दोन वर्षं उगाच घाबरवलं, मी म्हटलं. मळ साठला असेल नुसता. दहावर लागला नाही. पंधरावर लागला. गोल काढला. दोन हजार घेतला. वीस. चार हजार.

चार हजारला या वयाच्या बाईकडून मला साठ-पासष्ट अपेक्षित होते. पंचवीसला ठिपका लागला.

मी आवाज थांबवला. ठिपका विझेना. एक. दोन.

मग मी रेघेकडे बघितलं. छान आडवी रेघ. पंधरा, वीस, पंचवीस. अशी रेघ कुठलाही कान काढत नाही. कान थोडे तरी वाकडे असतात. ही माणसाच्या हाताने ओढलेली रेघ होती. माझ्या हाताने.

मी काचेकडे बघितलं. सासूबाई पुढे वाकल्या होत्या. त्यांचे दोन्ही हात वर होते, दोन्ही तळवे हेडफोनवर घट्ट दाबलेले, काहीतरी ऐकू यावं म्हणून. बटण त्यांच्या मांडीवर असणार किंवा खाली पडलेलं. त्यांच्या हातात नव्हतं.

स्क्रीनवर ठिपका अजून होता. मग, सावकाश, गेला.

दार उघडलं. सासूबाई हेडफोन गळ्यात अडकवूनच बाहेर आल्या. चेहऱ्यावर कंटाळा.

"जावईबापू, सुरू कधी करताय? केव्हाची बसलेय मी."

"काहीच ऐकू आलं नाही? एकदाही?"

"काय?"

"एकदाही बटण दाबलं नाहीत?"

"आवाज आला तर दाबणार ना!" मग त्यांची नजर स्क्रीनवर गेली. मुलीचा दाखला त्यांनी कितीदा तरी हातात घेऊन पाहिला होता. रेघ वर असली की चांगलं, एवढं त्यांना कळत होतं. त्यांचे डोळे मोठे झाले. "हे माझं? म्हणजे... चांगले आहेत? मशीन नको ना मग?"

किती आशेने विचारलं त्यांनी! चापून नेसलेली साडी, रिकाम्या कानाच्या पाळ्या. आणि माझ्या तोंडात वाक्य तयार होतं. झकास आहेत, आई. ते जिभेवर आलेलं मला जाणवलं, गोड, ओळखीचं. एवढंच म्हणायचं, की त्या हसणार, घरी जाणार, रस्ता ओलांडणार.

"नाही," मी म्हणालो. "ही रेघ खोटी आहे."

६

ऐकू न येणाऱ्या माणसापुढे कबुली देणं काय असतं ते सांगतो. ती हळू देता येत नाही.

"मी तिला खोटं सांगितलं होतं," मी म्हणालो.

"काय म्हणालात?"

"तिच्या कानांबद्दल. खोटं सांगितलं."

"कुणाच्या कानांबद्दल? मोठ्याने बोला हो, पुटपुटू नका."

"तुमच्या मुलीच्या!" मी ओरडलो. "तिला ऐकू येत नव्हतं! मला माहीत होतं! मी खोटा कागद दिला!"

बाहेर काउंटरवर काहीतरी खाली पडलं. मावशी आज लवकर आल्या होत्या. मग बाहेरची शांतता मला ऐकू आली. मावशी श्वास धरून उभ्या असल्याची.

सासूबाई खुर्चीवर बसल्या. हेडफोनची तार त्यांच्या मांडीवर लोंबत होती. त्या रडतील, मला मारतील, उठून जातील, यातलं काहीही झालं असतं तर मला बरं वाटलं असतं.

"तिने मला विचारलं होतं," त्या म्हणाल्या. स्वतःचा आवाज ऐकू येत नसल्यामुळे त्या नेहमी मोठ्याने बोलत. आता फार हळू बोलल्या. "ती गेली त्याच्या आदल्या रविवारी. 'आई, मला कधी कधी शब्दांची शेपटं ऐकू येत नाहीत गं. दुसरीकडे दाखवू का?' मी म्हटलं, घरात डॉक्टर असताना दुसरीकडे कशाला? जावईबापू म्हणतात ना चांगले आहेत, मग चांगले आहेत." त्यांनी तार बोटाला गुंडाळली, सोडली. "मी म्हटलं तिला असं."

मग त्या उठल्या, हेडफोन स्वतःच कानांवर चढवले आणि खोक्याच्या दाराशी गेल्या.

"आता माझं खरं मोजा," म्हणाल्या.

मी मोजलं. यावेळी ठिपके वेडेवाकडे, घाबरट, म्हातारीचे होते. रेघ उतरत उतरत पासष्टला टेकली. मी एकही गोल हलवला नाही.

मग मशीन बसवलं. उजव्या कानामागे, बारीक नळी आत. प्रोग्राममधून सुरू केलं आणि हळूहळू वाढवत नेलं. पहिल्यांदा मशीन लागलेल्या माणसाचा चेहरा बघणं ही या धंद्यातली एकमेव चैन आहे. त्यांनी पंख्याकडे बघितलं. स्वतःच्या साडीचा आवाज ऐकून हात झटकला. मी कागद उलटला तर दचकल्या. "केवढा गोंगाट करता तुम्ही लोक!"

आणि मग त्यांनी मान वळवली. काचेकडे.

खोक्याचं दार मी लावलेलं होतं. तिथून बाहेर काही येत नाही. यावं म्हणून नव्हे, येऊ नये म्हणूनच ती खोली बांधली आहे. सासूबाई एक कान पुढे करून ऐकत होत्या. शेजारच्या खोलीतून कुणी हाक मारली की आपण थांबतो, तशा.

"हो," त्या म्हणाल्या. माझ्याशी नाही.

मी ऐकलं. माझे कान उत्तम आहेत. पंखा, बाहेर मावशींचं नाक ओढणं, रस्त्यावर लांब कुणीतरी शटर ओढलेलं. बाकी काही नाही.

"काय आहे, आई? काय ऐकू येतंय?"

त्यांनी हात वर करून मला गप्प केलं. ऐकत राहिल्या. एकदा मान हलवली. एकदा तोंडावर पदर धरला. मी काचेतून आत बघितलं. खुर्ची रिकामी होती, होतीच. पण काचेत बाहेरच्या खिडकीचा उजेड पडला होता, आणि त्या उजेडात, खुर्चीच्या पाठीच्या वर, क्षणभर एक मान होती. हेडफोनच्या पट्टीखाली दबलेले केस, त्यांच्यातून सुटलेली एक बट. पाठमोरी. पेशंट बसतात तशी. मला वाटलं, आता वळेल. मी एका जागी इतका स्थिर उभा राहिलो की माझ्या कानात माझंच रक्त वाजायला लागलं.

ती वळली नाही. आईच्या बाजूला थोडी कलली, कुजबुजायला कलतात तेवढी. मग बाहेर ढग आला असेल. काचेत नुसता स्पंज राहिला.

"काय म्हणाली?" मी विचारलं. "आई, काय म्हणाली ती?"

सासूबाईंनी वाटीतल्या कुड्या उचलल्या, एकेक करून कानात घातल्या.

"तुमच्यासाठी नव्हतं ते," म्हणाल्या.

७

डिस्क मी नंतर परत आणली. फॉरमॅटकडून वायर जोडून घेतली, प्रोग्राम उघडला. दुपारी दवाखाना बंद झाला की आवाज सोडत बसायचो. चाळीस, सत्तर, शंभर. शंभरचा आवाज बंद दाराबाहेरही येतो. चारला परत आलेल्या मावशी म्हणायच्या, डॉक्टर, पुरे करा आता. ठिपका पुन्हा लागला नाही. महिन्याभराने मी सोडून दिलं.

मी आता संध्याकाळचा सासूबाईंकडे जात नाही. त्यांनी या म्हटलं नाही, मी विचारलं नाही. पण दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी त्या मशीनची नळी साफ करून घ्यायला दवाखान्यात येतात. मी नळी साफ करून देतो. त्या मशीन लावतात, खुर्ची काचेसमोर ओढतात आणि पंधरा-वीस मिनिटं बसतात. मावशींनी बाहेर 'तपासणी चालू आहे' अशी पाटी लावलेली असते. मी कागद चाळत असल्यासारखं करतो. त्या हळू आवाजात बोलतात, थांबतात, पुन्हा बोलतात. बहुतेक घरचंच असतं, शेजाऱ्यांचं, गुडघ्यांचं. परवा एकदा मोठ्याने हसल्या, तोंडाला हात लावून, आणि मला कळलं की पलीकडून काहीतरी गमतीचं आलं होतं. फोनवरच्या लोकांचं असेल.

त्या दिवशी त्या निघाल्या तेव्हा मला राहवलं नाही. दारापर्यंत गेलो.

"आई," मी म्हणालो, "माझं काही विचारते का कधी?"

सासूबाई थांबल्या. त्यांना आता सगळं ऐकू येतं, 'काय?' म्हणायची सोय राहिलेली नाही. त्यांनी माझ्याकडे बघितलं, त्या गुरुवारनंतर पहिल्यांदा रागाशिवाय.

"मी तुमचं नाव काढते मधून मधून," त्या म्हणाल्या. "काढलं की ती गप्प होते."